लाकडाची गोळी पेंड

गोठ्यात गोळी पेंड हाताळलेल्या माणसाला लाकडी पेलेट म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. करंगळीहून बारीक, बोटाच्या पेराएवढ्या लांब, बाहेरून चकचकीत आणि नखाने सहज न तुटणाऱ्या कांड्या. पोत्यात हात घातला की बोटांमधून ओघळतात. पेंडीत मका, सरकी, भाताचा कोंडा असतो. यात फक्त लाकडाचा भुसा. हे साम्य योगायोगाचे नाही. लाकडाच्या कांड्या पाडणारे यंत्र पशुखाद्याच्या कारखान्यातूनच आले आहे. १९७० च्या दशकात खनिज तेलाचे भाव भडकले, तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या सॉ मिलबाहेर साचलेल्या भुशाच्या ढिगांकडे लोक इंधन म्हणून पाहू लागले. भुसा हलका, उडणारा, जागा खाणारा. तो दाबून घट्ट करायचा तर त्यासाठी यंत्र तयारच होते. १९७७ मध्ये रुडॉल्फ गनरमन यांना अशा इंधन-कांड्यांचे अमेरिकेत पेटंट मिळाले. घरातल्या शेगड्या आणि छोटे बॉयलर यांच्यासाठी ही सोय चांगली होती, आणि बरीच वर्षे ती तेवढ्यापुरतीच राहिली.

आज त्याच कांड्यांवर ब्रिटनमधले सर्वांत मोठे वीज केंद्र चालते. मूठभर भुशापासून इथपर्यंतचा प्रवास, त्यातले कौशल्य आणि त्यात होत असलेली चूक, हा या प्रकरणाचा विषय आहे.

इंग्लंडच्या उत्तर यॉर्कशायरमध्ये सेल्बी गावाजवळ ड्रॅक्स नावाचे खेडे आहे. त्याच्याच नावाने ओळखले जाणारे वीज केंद्र १९७० च्या दशकात उभे राहिले, १९८६ मध्ये त्याचा दुसरा टप्पा पुरा झाला. सहा संच, प्रत्येकी ६६० मेगावॉटचे. एकूण जवळपास ४००० मेगावॉट. आपल्या चंद्रपूर केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे, त्यावरून आकाराचा अंदाज यावा. केंद्र तिथे बांधले ते आसपासच्या कोळशासाठी. सेल्बीच्या खाणी २००४ मध्ये बंद पडल्या. शेजारची केलिंग्ली ही ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसाखाण डिसेंबर २०१५ मध्ये मिटली. तोपर्यंत ड्रॅक्सचे संच एकेक करून लाकडाकडे वळू लागले होते. २०१३ मध्ये पहिला, २०१८ मध्ये चौथा. २०२३ पासून तिथे कोळसा जळत नाही. चार संच मिळून २६०० मेगावॉट वीज केवळ लाकडावर तयार करू शकतात.

एवढ्या विजेला किती लाकूड लागेल? हिशेब सोपा आहे. एक किलो पेलेट जळाले की सुमारे १७ मेगाज्यूल उष्णता मिळते. वीज केंद्र त्यातली चाळीस टक्क्यांहून थोडी कमीच विजेत रूपांतरित करू शकते. म्हणजे पूर्ण क्षमतेने चालणारा एक संच तासाला साधारण ३५० टन पेलेट खातो. चारही संच चालू असतील तर १४०० टन, आणि हे दिवसरात्र. वर्षभरात ड्रॅक्सला सत्तर लाख टनांच्या आसपास पेलेट लागत आले आहेत. एवढे लाकूड यॉर्कशायरमध्ये नाही, इंग्लंडमध्येही नाही. ते बहुतेक अटलांटिक महासागर ओलांडून येते: अमेरिकेच्या लुइझियाना आणि मिसिसिपी राज्यांतल्या पाइनच्या पट्ट्यातून, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातून, थोडे बाल्टिक किनाऱ्यावरून.

पण मग ओंडकेच का पाठवत नाहीत? त्यांचा भुसा करायचा, पुन्हा कांड्या पाडायच्या, आणि वीज केंद्रात जाऊन पुन्हा पीठ करायचे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

उत्तर पाण्यात आहे. नुकत्याच तोडलेल्या पाइनच्या ओंडक्याचे जवळपास निम्मे वजन पाण्याचे असते. ओले सरपण चुलीत घातले की काय होते हे आपल्याकडे कोणालाही ठाऊक आहे: फसफसते, टोकाला फेस येतो, धूर डोळ्यांत जातो आणि भाकरी कच्ची राहते. आग आधी पाणी उकळवण्यात खर्ची पडते. ओल्या लाकडाचे तुकडे जहाजात भरून पाठवणे म्हणजे अर्धे जहाज पाणी वाहून नेणे. शिवाय ते वाटेत कुजते. एक घनमीटर ओल्या तुकड्यांत जेवढी उष्णता असते, त्याच्या साधारण चौपट एक घनमीटर पेलेटमध्ये मावते. चांगल्या कोळशात मात्र याच्याही दुप्पट मावते. कोळशाने हे दाबण्याचे काम जमिनीखाली कोट्यवधी वर्षे केले आहे. पेलेटचा कारखाना ते एका पाळीत करू पाहतो.

कारखान्यात ओंडका आला की आधी त्याची साल सोलतात. साल फेकत नाहीत, कारण पुढच्या भट्टीचे जळण तीच असते. सोललेल्या ओंडक्याचे तुकडे होतात आणि ते एका लांबलचक फिरत्या ड्रममध्ये गरम हवेबरोबर जातात. सगळ्या कारखान्यात सर्वांत जास्त उष्णता खाणारी पायरी हीच. एक टन पेलेट करायला जवळपास दोन टन ओले लाकूड लागते आणि त्यातले साधारण नऊशे लिटर पाणी वाफ करून घालवावे लागते. पेलेटमध्ये जेवढी उष्णता साठते तिच्या सुमारे सहाव्या हिश्श्याएवढी उष्णता नुसत्या वाळवण्यात जाते. लोक अटलांटिकवरच्या जहाजाचा धूर मोजतात, तो मोजायलाच हवा. पण मोठे जहाज दर टनामागे फारच थोडे इंधन जाळते. लाकडाचा पहिला मोठा खर्च बंदरावर पोहोचण्याच्या आधी, त्या ड्रममध्येच होऊन गेलेला असतो.

वाळलेले तुकडे हॅमर मिलमध्ये कुटून भुसा होतो, आणि मग येतो या धंद्याचा खरा गाभा. जाड पोलादाचे एक कडे असते, त्याला हजारो भोके. कड्याच्या आत रोलर. भुसा आत पडतो, रोलर त्याला भोकांमध्ये कोंबतात आणि बाहेरच्या बाजूने कांड्या निघतात, ज्या पात्याने कापल्या जातात. दिवाळीत शेव पाडणाऱ्या कोणालाही हे चित्र लगेच उमगेल: हा एक प्रचंड, गोल फिरणारा सोऱ्या आहे. आणि सोऱ्यासारखेच, सगळे पिठाच्या भिजण्यावर अवलंबून असते. पीठ घट्ट झाले तर दांडा खाली जात नाही, सैल झाले तर शेव तुटते. भुशात पाणी दहा-बारा टक्क्यांच्या आसपास असावे लागते. जास्त झाले तर भोकातून सुटताना आतली वाफ फुगते आणि कांडीला तडे जातात. कमी झाले तर घर्षण इतके वाढते की भोके बुजतात, भुसा करपतो, कडे बंद पडते. जाणकार चालक यंत्राच्या आवाजावरून ओल ओळखतो.

या कांडीत डिंक नाही, खळ नाही. मग ती धरून कशी राहते? लाकडात सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. झाड उभे राहते ते लिग्निनमुळे. शंभर अंशांच्या आसपास, थोडी ओल असताना, लिग्निन मऊ होते. भोकातल्या घर्षणाने तेवढी उष्णता आपोआप निर्माण होते. मऊ झालेले लिग्निन भुशाच्या कणांमध्ये पसरते, आणि कांडी थंड झाली की पुन्हा घट्ट बसते. झाडाने स्वतःसाठी केलेला गोंद दुसऱ्यांदा कामाला येतो. मला या सगळ्या कारखानदारीतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. म्हणून भोकातून निघालेली कांडी गरम असताना हाताळायची नसते. तिला आधी थंड हवेत स्थिरावू द्यायचे. मग चाळायची. मग परीक्षा: अर्धा किलो कांड्या एका पेटीत घालून पेटी दहा मिनिटे, पाचशे फेरे, गरगर फिरवतात. शेकड्यातल्या ९७ हून जास्त भाग शाबूत राहिला तर माल मोठ्या वीज केंद्रासाठी चांगला. राहिला नाही तर पुढे जहाजात, पट्ट्यांवर, वाघिणींत त्याचा भुगा होणार. आणि या धंद्यात भुग्याइतके कोणालाच कशाचे भय वाटत नाही.

कारण भुगा पेटतो, आणि हवेत तरंगत असेल तर त्याचा स्फोट होतो. कोळशाच्या ढिगावर पाऊस पडला तरी बिघडत नाही. तो उघड्यावर वर्षभर पडून राहतो. पेलेटला पाणी लागले की तो काही मिनिटांत फुगून पुन्हा भुसा होतो. म्हणून कारखान्याच्या दारापासून बॉयलरच्या तोंडापर्यंत सगळे झाकलेले हवे. कोळशाच्या वाघिणी चालत नाहीत, कारण पेलेट हलके. वाघीण शिगोशीग भरली तरी वजन पुरेसे होत नाही. म्हणून ड्रॅक्ससाठी मोठ्या पोटाच्या, वर झाकणे असलेल्या २०० वाघिणी नव्याने बांधाव्या लागल्या. केंद्राच्या आवारात साठवणीचे चार पांढरे घुमट आहेत. प्रत्येक सुमारे ५० मीटर उंच, पोटात ७५ हजार टन. ते बांधण्याची रीतही वेगळी: आधी एक अजस्र फुगा फुगवला, आतून त्यावर फोम फवारला, त्यावर लोखंडी जाळी बसवून काँक्रीट मारले. चारही घुमट काठोकाठ भरले तरी पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या केंद्राला तो साठा जेमतेम नऊ दिवस पुरतो.

ढिगात दाबून ठेवलेले लाकूड स्वस्थ बसत नाही. त्यातली स्निग्धाम्ले हळूहळू हवेतला प्राणवायू घेतात, त्यातून उष्णता निघते आणि कार्बन मोनॉक्साइड वायूही निघतो. उष्णता बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ढीग आतल्या आत तापत जातो. गंजीत ओले गवत रचले तर ती आतून पेटते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, तत्त्व तेच. म्हणून घुमटांत तापमापकांच्या साखळ्या सोडलेल्या असतात आणि गरज पडली तर नायट्रोजन सोडून प्राणवायू हुसकला जातो. पाणी मारता येत नाही. मारले तर सगळा साठा फुगून घुमटालाच तडा जाईल. फेब्रुवारी २०१२ मध्ये इंग्लंडमधल्याच टिलबरी वीज केंद्रात पेलेटच्या साठ्याला मोठी आग लागली. आणि कार्बन मोनॉक्साइड आगीपेक्षाही दगाबाज, कारण त्याला ना रंग ना वास. २००६ मध्ये स्वीडनच्या हेलसिंगबोर्ग बंदरात पेलेट उतरवत असताना जहाजाच्या जिन्यात उतरलेला एक खलाशी या वायूने मेला, मदतीला गेलेलेही गंभीर आजारी झाले. तेव्हापासून पेलेटच्या जहाजावर तळात उतरण्याआधी हवा मोजण्याची सक्ती कडक झाली. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहत. पण या वायूसाठी कंदीलही कामाचा नाही. माणसाला मारण्याइतका तो साठला तरी ज्योत जळतच राहते.

घुमटातून कांड्या गिरणीत जातात, पुन्हा पीठ होतात आणि हवेच्या झोताने बॉयलरमध्ये फुंकल्या जातात. कोळसा टाल्कम पावडरइतका बारीक दळावा लागतो. लाकडाचा कण त्यापेक्षा कितीतरी जाडा चालतो, कारण लाकडाचा तीन चतुर्थांश भाग तापताच वायू होऊन पेटतो. कण झोतात शिरतो आणि दोनेक सेकंदांत संपतो. मागे राख उरते ती वजनाच्या टक्काभर, बऱ्याचदा त्याहून कमी. आपल्या कोळशात शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राख असते. चंद्रपूर किंवा कोराडीच्या राखेच्या बंधाऱ्यांजवळ राहणाऱ्यांना हा फरक केवढा आहे ते कळेल. गंधकही नगण्य. इथपर्यंत लाकूड कोळशापेक्षा सरस आहे, आणि ते मान्य करायला मला काही अडचण वाटत नाही.

अडचण त्या दोन सेकंदांनंतर सुरू होते.

लाकडाच्या कोरड्या वजनाचा निम्मा भाग कार्बनचा असतो. एक टन पेलेट जळाले की सुमारे पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड चिमणीतून बाहेर पडतो. सत्तर लाख टनांचे गणित करून पाहा: सव्वा कोटी टनांच्या घरात जाते. एवढेच नाही. सारख्याच उष्णतेमागे लाकूड कोळशापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडते. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या प्रमाण आकड्यांनुसार एका गिगाज्यूलमागे लाकडाचे ११२ किलो, तर दगडी कोळशाचे सुमारे ९५. तरीही सरकारी नोंदीत ड्रॅक्सच्या चिमणीचा आकडा शून्य लिहिला जातो. ही चोरी नव्हे, हिशेबाची पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लाकडातल्या कार्बनची नोंद झाड जिथे तोडले त्या देशाच्या जमीन-जंगल खात्यात होते. तीच पुन्हा चिमणीपाशी केली तर एकच कार्बन दोनदा मोजला जाईल, म्हणून चिमणीपाशी शून्य. जगातल्या सगळ्या देशांच्या वह्या सारख्याच काटेकोर असत्या तर ही पद्धत चालून गेली असती. तशा त्या नाहीत. शिवाय शून्य हा आकडा एका वहीत दिसतो, अनुदान त्या वहीवरून मिळते, आणि झाड पडते दुसऱ्याच देशात. टिमोथी सर्चिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या त्रुटीवर बोट ठेवले. २०१८ च्या सुरुवातीला जवळपास ८०० शास्त्रज्ञांनी युरोपीय संसदेला पत्र लिहून जंगलातले लाकूड इंधन म्हणून तोडण्याला उत्तेजन देऊ नका, असे सांगितले.

समर्थकांचे म्हणणे असे: तोडलेल्या जागी नवे झाड लावले की ते वाढताना तेवढाच कार्बन परत ओढून घेते, म्हणून हे इंधन पुन्हा पुन्हा मिळणारे, नवीकरणीय. यात खोटे काही नाही. पण ही उसनवारी आहे, आणि उसनवारीत परतफेडीची मुदत विचारायची असते. अमेरिकेच्या दक्षिणेत लावलेला लोब्लॉली पाइन इमारती लाकडाच्या जाडीला यायला साधारण पंचवीस-तीस वर्षे घेतो. दोन सेकंदांत आकाशात गेलेला कार्बन परत यायला निदान तेवढी वर्षे लागणार, तेही नवे झाड खरोखर लावले, जगले आणि वेळेआधी तोडले नाही तर. एमआयटीतले जॉन स्टर्मन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या हिशेबात, पूर्व अमेरिकेतले जंगल तोडून त्याचे पेलेट कोळशाच्या जागी जाळले तर ही उसनवारी फिटायला, जंगलाच्या प्रकारानुसार, ४४ ते १०४ वर्षे लागतात. हवामानाच्या बाबतीत आपल्या हातात आहेत ती पुढची वीस-तीस वर्षे. शंभर वर्षांनी फिटणारे कर्ज त्या मुदतीत कर्जच राहते.

मात्र हाच हिशेब दुसऱ्या लाकडासाठी पार बदलतो. सॉ मिलमध्ये ओंडका चौकोनी करताना निघालेला भुसा आणि छाट कसेही करून सडणार किंवा जळणारच असेल, तर त्याचे पेलेट केल्याने हवेत जवळजवळ काहीच जास्तीचे जात नाही. रोपवनात बारा-पंधरा वर्षांनी विरळणी करतात. आपण ज्वारी-बाजरीत दाटी झालेली रोपे उपटतो तशी. त्या बारीक काठ्यांना पूर्वी कागद गिरण्या गिऱ्हाईक होत्या, त्यातल्या कित्येक बंद पडल्या. अमेरिकेच्या दक्षिणेतले बहुतेक जंगल खाजगी मालकीचे आहे, पुष्कळदा साध्या कुटुंबांचे. लाकडाला भाव मिळाला नाही तर मालक जमीन घरबांधणीला विकेल किंवा तिथे शेती करेल; भाव मिळाला तर पुन्हा पाइन लावेल. हा युक्तिवाद मला वजनदार वाटतो. अडचण अशी, की ‘उरलेले लाकूड’ हा शब्द लवचीक आहे. फांद्या उरलेल्या, शेंडा उरलेला. मग वाकडे झाड उरलेले, किडके झाड उरलेले. मग सॉ मिलने नाकारलेला सरळ, अखंड ओंडकाही उरलेला. नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियातल्या नदीकाठच्या दलदलीतली रुंदपर्णी जंगले याच शब्दाआड तोडली गेल्याचे तिथले निसर्गप्रेमी वर्षानुवर्षे दाखवत आले आहेत. २०२२ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने ब्रिटिश कोलंबियातल्या जुन्या जंगलांतले ओंडके पेलेटच्या कारखान्याकडे जाताना दाखवले. ब्रिटनच्या ऊर्जा नियामकाने चौकशी केली. अनुदान चुकीचे दिले गेल्याचा पुरावा सापडला नाही, पण कॅनडातल्या लाकडाच्या प्रकारांची माहिती नीट ठेवली नव्हती असे आढळले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ड्रॅक्सने त्यापोटी अडीच कोटी पौंड भरले. पेलेट कोणत्या झाडाचा हे कांडीकडे पाहून कधीच कळत नाही. ते कळते ट्रक तोलला जातो त्या काट्यावर, पावतीवर कोण काय लिहितो त्यावरून. नवीकरणीय हा गुण कांडीत नाही, त्या पावतीत आहे.

कारखान्याशेजारी राहणाऱ्यांची गोष्ट वेगळीच. मिसिसिपीतले ग्लॉस्टर हे हजारभर वस्तीचे, बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे गाव. तिथे ड्रॅक्सचा पेलेट कारखाना आहे. पाइन वाळवताना त्याचा जो सुगंध येतो तो बाष्पनशील सेंद्रिय वायूंचा असतो. फार प्रमाणात सुटले तर हेच वायू हवा बिघडवतात. परवानगीपेक्षा खूप जास्त वायू सोडल्याबद्दल राज्याच्या पर्यावरण खात्याने कारखान्याला २५ लाख डॉलर दंड केला. यॉर्कशायरची हवा कोळशाच्या राखेतून सुटली, त्या सुटकेचा काही भाग ग्लॉस्टरच्या छातीवर आला. स्वच्छ ऊर्जेच्या कोणत्याही नकाशावर ग्लॉस्टर सहसा दिसत नाही, म्हणून इथे नाव घेऊन लिहिले.

धंदा म्हणूनही पेलेटचा हा व्यवहार डळमळीतच आहे. जगातला सर्वांत मोठा पेलेट उत्पादक असलेल्या अमेरिकेच्या एन्व्हिवा कंपनीने मार्च २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्रिटन सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये २०२७ ते २०३१ साठी ड्रॅक्सशी नवा करार जाहीर केला. त्यात केंद्राने क्षमतेच्या २७ टक्क्यांपर्यंतच चालायचे आहे, म्हणजे वारा पडला आणि सूर्य मावळला तेव्हाच, आणि टिकाऊ स्रोतातल्या लाकडाची अट ७० वरून १०० टक्क्यांवर गेली आहे. माझ्या मते लाकडाचा हा जास्त शहाणा उपयोग आहे: रोजचा भात नव्हे, अडीअडचणीचे डब्यातले पोहे. डेन्मार्क आणखी पुढे गेले. कोपनहेगनजवळच्या आवेडोर केंद्रात वीज करून उरलेली उष्णता नळांमधून शहरातल्या घरांना पुरवली जाते. निव्वळ वीज केली की लाकडातली साठ टक्के उष्णता नदीत किंवा आकाशात जाते. एवढ्या सायासाने वाळवलेली, कुटलेली, समुद्रापार आणलेली वस्तू साठ टक्के फेकणे मला पटत नाही.

भारताने निराळी वाट धरली आहे. आपल्याकडे वीज केंद्रांत जाळायचे पेलेट लाकडाचे नाहीत, शेतातल्या काडीकचऱ्याचे आहेत. २०१७ मध्ये एनटीपीसीने दादरी केंद्रात कोळशात असे पेलेट मिसळून पाहिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने धोरण आणले, ‘समर्थ’ नावाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, आणि २०२३ च्या सुधारणेनुसार २०२४-२५ पासून ५ टक्के, २०२५-२६ पासून ७ टक्के पेलेट मिसळण्याचे बंधन आले. कारण उघड आहे. पंजाब-हरियाणात भात कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यात जेमतेम तीन आठवडे मिळतात, पेंढा उचलायला वेळ नसतो, म्हणून तो पेटवला जातो आणि दिल्ली गुदमरते. तो पेंढा कोळशाबरोबर जाळला तर तेवढा कोळसा वाचतो. कार्बनच्या उसनवारीचा प्रश्नही इथे जवळपास मिटतो, कारण भात वर्षभरात पुन्हा उगवतो. पंचवीस वर्षे थांबावे लागत नाही.

मात्र पेंढा लाकडासारखा मवाळ नाही. त्यात वाळूचाच भाऊबंद असलेली सिलिका भरपूर, ती पोलादी कड्याची भोके घासून झिजवते. पंधरा टक्क्यांच्या आसपास राख. आपल्या कोळशापेक्षा ती कमीच, पण वेगळ्या जातीची: पोटॅशियममुळे लवकर वितळणारी, बॉयलरच्या नळ्यांवर काचेसारखी चिकटणारी. क्लोरीन नळ्या खातो. म्हणून पाच-सात टक्के मिसळणे जमते, ड्रॅक्ससारखा पूर्ण संच पेंढ्यावर चालवणे जमत नाही. आणि मुळात पेंढा गोळा करणे, गठ्ठे बांधणे, ते पावसापासून वाचवत वर्षभर पुरवणे हेच काम कारखान्यापेक्षा अवघड.

महाराष्ट्राला ही विद्या अगदी नवी नाही. भुईमुगाची टरफले, सोयाबीनचे कुटार, बगॅस, भुसा दाबून केलेल्या जाड ठोकळ्यांना आपल्याकडे ‘पांढरा कोळसा’ म्हणतात, आणि कितीतरी कारखान्यांचे बॉयलर त्यावर चालतात. ठोकळा जाळीवर जळणाऱ्या भट्टीला चालतो. वीज केंद्राला पीठ लागते, म्हणून तिथे कांडीच हवी. आपल्याकडचा सर्वांत मोठा साठा पऱ्हाट्यांचा. राज्यात सुमारे ४० लाख हेक्टरवर कपाशी होते. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून शेताबाहेर काढणे गरजेचे असते, कारण गुलाबी बोंडअळी त्यांतल्या उरल्यासुरल्या बोंडांत लपून पुढच्या हंगामाची वाट पाहते. बहुतेक ठिकाणी त्या बांधावर रचून पेटवल्या जातात. मुंबईच्या माटुंग्यातल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांपासून फळ्या, ठोकळे, कांड्या करण्याच्या रीती फार पूर्वीपासून बसवल्या आहेत. पऱ्हाटीत लिग्निन चांगले, सिलिका कमी; ती गवतापेक्षा लाकडाच्या जवळची. पेलेटसाठी यापेक्षा चांगला माल आपल्या भागात शोधून सापडणार नाही.

फक्त एक गोष्ट कारखान्याच्या अहवालात लिहायची राहून जाते. विदर्भातल्या गावात फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर सगळ्याच पऱ्हाट्या पेटवलेल्या दिसणार नाहीत. काही घरामागे उभ्या रचलेल्या असतात, पावसाळाभर चुलीला पुरतील एवढ्या. काहींचे कुंपण झालेले असते, काहींवर माती लिंपून कुडाची भिंत. कापूस वेचायला आलेली बाई शेतमालकाला विचारून जाताना एक मोळी डोक्यावर नेते, कारण सिलिंडर भरणे दर महिन्याला परवडतेच असे नाही. उद्या जिल्ह्यात पेलेटचा कारखाना निघाला आणि पऱ्हाटीला टनामागे भाव आला, तर मालक शेत झाडून ट्रॉली भरेल. त्याने भरू नये असे कोणी म्हणणार नाही, त्याच्या हातात कपाशीतून राहते तरी किती. पण काट्यावर ट्रॉली तोलली जाईल तेव्हा पावतीवर ‘शेतातील टाकाऊ अवशेष’ असेच लिहिले जाईल, आणि त्या वजनात तिच्या मोळ्याही असतील.